गाजरांवर आळ

“गाजरंच असणार. दुसरं काही नाही. त्या भाजीवाल्याला मी तेव्हाच म्हटलं होतं, नीट धुतलेली दिसत नाहीत म्हणून.”

हे भाषण माझा नवरा क्लिफ संडासाच्या भांड्याला उद्देशून करत होता. रविवार, दुपारचे अडीच. तो आत गुडघ्यांवर आणि मी बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर, मांडीवर ओला टॉवेल, हातात पाण्याचा पेला. गेले सात रविवार ही माझी ठरलेली जागा झाली होती. पायरी टोचते म्हणून मी तिथे एक उशीही नेऊन ठेवली होती.

“गाजरं मीपण खाल्ली,” मी दाराला म्हणाले.

“तुझं पोट वेगळं आहे, लरेन.”

“गेल्या रविवारी वाटाणे म्हणालास. त्याच्या आधी चर्चमधला चहा.”

“चर्चमधल्या चहाने कुणीही आडवा होईल,” क्लिफ म्हणाला आणि पुन्हा भांड्याकडे वळला.

माझं पोट वेगळं आहे हे खरं. माझ्या पोटात ती वस्तू कधी गेलीच नव्हती. एप्रनच्या खिशात गेली होती, कागदी रुमालात गुंडाळून. पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. यॉर्कशरमधल्या आमच्या ऑटरबेक गावात ज्याने त्याने आपापल्या खिशातलं आपल्यापाशी ठेवायची पद्धत आहे.

सात आठवड्यांत आमच्या घरात बऱ्याच जणांवर खटले चालले. वाटाणे, चहा, कांद्याची ग्रेव्ही, नवीन टूथपेस्ट, पुदिन्याची चटणी. एकदा तर समुद्राच्या वाऱ्यावरही आळ आला, आणि समुद्र आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. खरा गुन्हेगार दर रविवारी एक वाजता टेबलाच्या मधोमध, चांगल्या ताटात, अजमोदाची पानं डोक्यावर खोवून आरामात बसलेला असायचा. त्याचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं.

ते म्हणजे रोस्ट, रविवारी ओव्हनमध्ये अख्खं भाजतात ते.

मांसाचं नव्हे. बुरशीचं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवतात, तिच्यात अंड्याचा पांढरा बलक कालवतात, दाबून दाबून तिचा एक ओंडका करतात आणि खोक्यात भरतात. खोक्यावर हिरव्या टेकडीवर उभी राहून हसणारी एक बाई असते. तिने आतला माल खाल्लेला नसावा. आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी आली की मी हातमोजे चढवून, ब्लीच ओतून ती खरवडून काढते. हिला मात्र आम्ही तासभर ओव्हनमध्ये ऊब देत होतो आणि वर ग्रेव्ही वाढत होतो.

आणि हे कुणाच्या घरात? क्लिफर्ड हेप्वर्थच्या. चाळीस वर्षं बाजारचौकात ‘हेप्वर्थ अँड सन, खाटीक’ या पाटीखाली उभा राहिलेला माणूस. पाटीतला ‘सन’ म्हणजे हाच. याला पुढे मुलगा झाला नाही. एक मुलगी झाली, जेमा. तीच हे रोस्ट आणत होती.

तीन वर्षांपूर्वी, एका शनिवारी सकाळी, दुकानात सॉसेजसाठी रांग लागलेली असताना, जेमा चार मैत्रिणींबरोबर दुकानासमोर येऊन उभी राहिली. हातात फलक, फलकावर डुकराच्या पिलाचा फोटो. पिलू गोड होतं, ते मी नाकारत नाही. रांगेतल्या बायका तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांनी तिला “कशी आहेस, पोरी?” विचारलं, तिचं पत्रक घेतलं, सॉसेज घेतली आणि पत्रकात सॉसेज गुंडाळून घरी गेल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही.

बोलला तो क्लिफ. दुकान बंद केल्यावर, घरी. “तुझे बूट, तुझी बासरीची शिकवणी, तुझं कॉलेज, सगळं याच हातांनी कापून आलंय,” तो म्हणाला. “लाज वाटत असेल तर येऊ नकोस.”

तिला लाज वाटत होती का, हे कुणी विचारलं नाही. ती आली नाही, एवढं खरं. ती राहते ते लीड्स इथून तासाभरावर आहे. तो तासभर कापायला आम्हाला तीन वर्षं लागली.

मधल्या काळात क्लिफच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुकान गेलं. आता तिथे ओटच्या दुधाची कॉफी मिळते आणि वासाच्या मेणबत्त्या. सुऱ्या तेवढ्या घरी आल्या. त्यांना तो रोज संध्याकाळी तेल लावायचा, धार करायचा आणि परत खणात ठेवायचा. कापायला काही नव्हतं. दोघांपुरत्या चॉप्सना कसली सुरी लागते?

मग एप्रिलमध्ये फोन वाजला.

“मम, मी रविवारी जेवायला येऊ? माझं रोस्ट मी घेऊन येईन.”

मी फोनवर हात ठेवून क्लिफला विचारलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. बराच वेळ बघत होता. बाहेर फक्त कचऱ्याचा डबा होता.

“तिला म्हणावं, सगळ्यांसाठी आण,” तो म्हणाला. “मोठं आण.”

त्या शनिवारी त्याने ओव्हन स्वतः घासला. चाळीस वर्षांची चरबी होती त्यात. सगळी दारं-खिडक्या उघडून, गुडघ्यांखाली वर्तमानपत्र घालून, तीन तास. माझ्या नवऱ्याने माफी मागितलेली मी कधी ऐकलेली नाही, पण त्या दिवशी मी ती डोळ्यांनी पाहिली.

पहिल्या रविवारी जेमा आली, बारीक झालेली, केस कानापर्यंत कापलेले. “हॅलो, डॅड.” “हॅलो, पोरी. रस्ता कसा होता?” “ठीक होता.” “ओटलीवरून आलीस की वरच्या रस्त्याने?” “वरच्या.” “बरं केलंस.” तीन वर्षांचं सगळं एवढ्यात उरकलं. आमच्याकडे रस्त्यांबद्दल फार बोलतात. रस्ता हा विषय कुणाला लागत नाही.

आमच्याकडे रविवारी रोस्ट कापतो तो घरातला बाप. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही. माझे वडील गेले त्या वर्षी माझ्या आईने रोस्टच लावलं नाही, कापणार कोण म्हणून. तर क्लिफ उभा राहिला. बाही दुमडली. खणातली लांब सुरी काढली, धार लावायच्या पोलादी दांड्यावर दोनदा फिरवली. तो आवाज त्या घरात किती दिवसांनी झाला. मग त्याने त्या फिकट ओंडक्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की माझा नवरा गोंधळलाय. मांसाला रेषा असते. कुठून धरायचं, कुठे आडवं जायचं, ते हाताला कळतं. याला रेषाच नव्हती. उशी कापावी तसं होतं. तरी त्याने तो ओंडका असा कापला, एकसारख्या, कागदासारख्या चकत्या, की राणी जेवायला आली असती तरी नाव ठेवायला जागा नव्हती. जेमा त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. लहानपणी बघायची तशी.

त्याने पहिला घास घेतला, चावला, चावत राहिला.

“वाईट नाही,” क्लिफ म्हणाला.

यॉर्कशरमध्ये ‘वाईट नाही’ याच्यावर प्रशंसा जात नाही. आमच्या लग्नात मला पाहूनही तो हेच म्हणाला होता. जेमाचे कान लाल झाले.

“आणखी घेशील, डॅड?”

“वाढ ना,” डॅड म्हणाले.

इथेच घोळ झाला. आमच्याकडे दुसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे पहिल्यांदाचं आवडलं नाही असं तोंडावर सांगणं. आणि एकदा दोन चकत्या घेतल्या की पुढच्या रविवारी एकच कशी घेणार? चढत्या भाजणीत अडकला बिचारा. तिसऱ्या रविवारपासून जेमा जास्त मोठं खोकं आणू लागली, कारण डॅडना आवडतं.

सव्वादोन वाजले की ती उठायची. “निघते मी, गर्दी व्हायच्या आत.” रविवारी दुपारी आमच्या रस्त्यावर गर्दी म्हणजे तीन मेंढ्या आणि सायकलवरचा पाद्री. तोंडात पेपरमिंटची गोळी टाकायची, कोट अंगात अर्धा घातलेला असतानाच गाडीत बसायची. चहासुद्धा नाही. क्लिफ दारात उभा राहून तिची गाडी वळेपर्यंत हात हलवायचा. गाडी वळली की, ज्या गुडघ्यांनी दुकान सोडलं त्याच गुडघ्यांनी, तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचा.

“थांबत नाही ती,” बाहेर आल्यावर तो म्हणायचा, चेहरा ओल्या पिठासारखा. “पाहिलंस? घास संपला की पळते. अजून राग आहे तिच्या मनात.”

मलाही तेच वाटायचं. आई म्हणून सांगते, वाईट वाटायचं. दीड तासाच्या वर ती आमच्याबरोबर बसू शकत नाही, एवढं आम्ही काय केलंय? मग आठवायचं काय केलंय ते, आणि मी भांडी घासायला लागायचे.

चौथ्या रविवारी मी कचऱ्यातून ते खोकं काढून चष्मा लावून वाचलं. हसणाऱ्या बाईच्या टाचेखाली, मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की हा पदार्थ फार थोड्या लोकांना सोसत नाही. फार थोड्या. ते फार थोडे लोक त्या वेळी आमच्या बाथरूममध्ये होते.

मी खोकं परत कचऱ्यात टाकलं. वर बटाट्याची सालं पसरली.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते सालांखाली पुरलं. मीही हिशेब केला होता, की हे नाव काढलं तर पोरगी काय म्हणेल? बापाला आपल्या हातचं अन्नसुद्धा पचत नाही म्हणेल. नाटक म्हणेल. तिने तसं म्हटलं नसतं तरी क्लिफला ते ऐकू आलं असतं. आठवड्यातून एकदा ओकणारा नवरा चालेल, पण रविवारी रिकामी खुर्ची परत नको. असा मी विचार केला. तसा ओकून कुणी मरत नाही, असंही मनाशी म्हटलं.

एकदा विषय निघता निघता राहिला. रात्रीच्या बातम्या चालू होत्या, म्हणजे तो अर्धा झोपलेला.

“क्लिफ, ते दर रविवारी जे होतं ना...”

“काय होतं?”

“म्हणजे जेवल्यावर.”

“हां.”

“तुला वाटत नाही की ते...”

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यात गाडीसमोर आलेला ससा बघतो तसं.

“पुढच्या रविवारी गाजरं करू नकोस,” तो म्हणाला.

नाही केली.

डॉक्टरकडेही पाठवलं मी त्याला. डॉक्टर नवीन होता, दाढी नुकतीच फुटलेली, समोरच्या पडद्याकडे बघत बोलणारा. पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘व्यवसाय: खाटीक, निवृत्त.’ तेवढं वाचून त्याला सगळं कळलं. पुढे काय विचारायचं? त्याने क्लिफला एक रंगीत पत्रक दिलं. लाल मांस कमी करा, त्याऐवजी हे पर्याय वापरून बघा. पहिल्या पानावर ताटात ठेवलेला एक फिकट ओंडका होता, डोक्यावर अजमोदा.

“काय म्हणाला रे?” मी विचारलं.

“म्हणाला, आणखी खा,” क्लिफ म्हणाला, आणि ते पत्रक घडी करून खिशात ठेवलं. त्याला जरा बरंच वाटलं असावं. सरकारी पाठिंबा मिळाला.

सहाव्या-सातव्या रविवारी नुसत्या ओकारीवर भागेना. मानेवर लाल गांधी उठू लागल्या. क्लिफ म्हणाला, कॉलरला खळ जास्त झाली. मी खळ घालत नाही, हे त्याला लग्नापासून माहीत आहे.

मग त्याचा पासष्टावा वाढदिवस आला, रविवारीच. मी त्याची थोरली बहीण ब्रेंडा हिलाही जेवायला बोलावलं. खरं सांगायचं तर माझा त्यात डाव होता. ब्रेंडाने आयुष्यात मनात काही ठेवलेलं नाही. पाद्र्याच्या बायकोला तिने चर्चच्या दारात सांगितलं होतं की तुझी टोपी मेलेल्या कोंबडीसारखी दिसते. म्हटलं, ही बघेल आणि बोलेल, आणि माझ्यावर काही येणार नाही. मी अशी शूर बाई आहे.

ब्रेंडा आली तीच मुळी स्वयंपाकघरात. ओव्हनच्या काचेतून आत वाकून बघितलं.

“हेच का ते?”

“हेच.”

“याला काय होतंय गं आत? घाम येतोय का?”

“ब्रेंडा, तू त्याच्याकडे जरा लक्ष ठेव. जेवताना. आणि नंतर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हातारी हुशार आहे. क्लिफचं दोन महिन्यांत उतरलेलं तोंड तिने दारातच पाहिलं होतं.

“मी नाही बोलणार, लरेन,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी मध्ये बोलले. पोरीला फोन करून म्हटलं, बापाची माफी माग. आणि बापाला म्हटलं, पोरीला वाढवायला चुकलास. त्याची तीन वर्षं झाली. मी आज फक्त बटाट्यांबद्दल बोलणार आहे.”

आणि खरंच, तिने बटाट्यांचं कौतुक असं लावलं की बटाटेही संकोचले असतील.

जेमाने वाढदिवसाचं म्हणून खास मोठं रोस्ट आणलं होतं, पोटात लाल करवंदांसारखी फळं भरलेलं. क्लिफ उभा राहिला. सुरी पोलादावर फिरली. चकत्या पडल्या. मी बघत होते. त्याने आपल्या ताटात दोन घेतल्या, वाढदिवस म्हणून तिसरी घेतली. जेमाने एक घेतली आणि मोजक्या घासांत, पाण्याबरोबर, गोळी गिळावी तशी संपवली. हे मी पाहिलं, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. आईच्या डोळ्यांवर चष्मा असतो तो उगीच नाही.

ब्रेंडाने आपली चकती यॉर्कशर पुडिंगच्या, म्हणजे पिठाच्या भाजलेल्या फुगीर वाटीच्या, खाली सरकवली. पुडिंग थोडं वर उचललं गेलं.

“वाईट नाही,” क्लिफ म्हणाला.

सव्वादोनला जेमा उठली. “निघते मी, गर्दी...”

“आज नाही,” मी म्हणाले.

मी दार अडवून उभी राहिले. का ते मला सांगता येणार नाही. दोन महिने तिची पाठ बघत होते मी.

“आज डॅडचा वाढदिवस आहे. केक कापायचाय. अर्धा तास बसलीस तर काही बिघडणार नाही.”

“मम, प्लीज. मला खरंच जायला हवं.”

“आम्ही काय चावतो का तुला?”

ते जरा मोठ्याने गेलं. जेमा पांढरीफटक पडली. बसली. आणि क्लिफने, जो एरवी आत्तापर्यंत जिन्याच्या मध्यावर असता, तिच्याकडे पाहिलं, आणि तोही बसून राहिला. पोरगी थांबली होती ना. तो काय उठतो!

असे ते दोघं समोरासमोर बसले. बाप हिरवा, लेक पांढरी. दोघांचे हात टेबलाच्या कडेला घट्ट. मी मेणबत्त्या लावत होते. ब्रेंडा म्हणत होती की या वर्षी बटाटा चांगला आलाय.

“डॅड,” जेमा म्हणाली. “तुझा ओठ.”

वरचा ओठ सुजून नाकाला लागायला आला होता. गांधी कॉलरवरून कानांपर्यंत चढल्या होत्या. क्लिफ काही म्हणायला गेला आणि छातीतून आवाज आला, जुन्या भात्यासारखा. मग तो श्वास घेऊ लागला, आणि ते काम त्याला जमेना.

ओकून कुणी मरत नाही, असं मी मनाशी म्हटलं होतं. माझ्या हातात पेटलेली काडी होती. ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा मला कळलं. ब्रेंडाने अॅम्ब्युलन्सला फोन केला. जेमा त्याच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्याची कॉलर सोडवत राहिली. “डॅड, माझ्याकडे बघ. डॅड. हळू. माझ्याबरोबर.” तो तिच्याकडे बघत होता. आठ रविवारांत दोघांनी एकमेकांकडे एवढं पाहिलं नव्हतं.

अॅम्ब्युलन्स बारा मिनिटांत आली. अॅम्ब्युलन्सची बाई शबाना नावाची, ब्रॅडफर्डची, ठेंगणी, पायात जाड बूट. तिने एक नजर टाकली, क्लिफच्या मांडीत पँटवरूनच सुई खुपसली, तोंडावर ऑक्सिजनची नळी लावली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटांत त्याच्या छातीतला भाता मंद झाला. ओठ तेवढा राहिला.

“बरं वाटतंय, काका? बोलू नका. दवाखान्यात नेऊन रात्रभर ठेवणार आहोत,” ती म्हणाली, आणि मांडीवर कागद घेऊन आमच्याकडे वळली. “काहीतरी खाण्यात आलंय. काय काय खाल्लं यांनी?”

“बटाटे,” मी म्हणाले. “भाजलेले.”

“उत्तम बटाटे,” ब्रेंडा म्हणाली.

“कोबी. छोटे.”

“पुडिंग.”

“ग्रेव्ही. कांद्याची.”

“कांद्याचीच,” ब्रेंडाने दुजोरा दिला, जणू त्यावर कुणी शंका घेतली होती.

शबानाने सगळं लिहून घेतलं. मग टेबलाकडे पाहिलं. मधोमध ताटात उरलेला अर्धा ओंडका होता, अजमोदा डोक्यावर.

“आणि मुख्य काय होतं?”

ब्रेंडा भिंतीवरच्या कागदाची फुलं मोजू लागली. मी क्लिफकडे पाहिलं. नळीच्या वरून त्याचे डोळे माझ्याकडे होते, तेच सशाचे डोळे. नको म्हणत होते. मरता मरता वाचलेला माणूस, आणि विनवणी कशाची करतोय तर याची. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

क्लिफने तोंडावरची नळी बाजूला केली.

“ग्वाजर,” तो सुजलेल्या ओठातून म्हणाला.

“गाजरं नव्हती आज,” ब्रेंडा हळूच म्हणाली.

शबानाने कागद खाली ठेवला. “हे बघा. आज मी बारा मिनिटांत पोचले. पुढच्या वेळी पोचेनच असं नाही. मला या कागदावर एका पदार्थाचं नाव लिहायचंय, आणि ते यांनी जन्मात परत खायचं नाही. कुणीतरी सांगा बाई मला.”

आम्ही सगळे विनयाने गप्प बसलो.

तेवढ्यात जेमा उठली. तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात धावली. मग बेसिनमधून आवाज आला. तो आवाज मी ओळखते. सात रविवार मी त्या आवाजाच्या बाहेर उशी टाकून बसले होते. बापाचाच होता, फक्त पट्टी वरची.

ती परत आली तेव्हा भांडी पुसायच्या फडक्याने तोंड पुसत होती. डोळे लाल. ती टेबलापाशी येऊन थांबली.

“रोस्ट,” जेमा म्हणाली. “लिहा. ते रोस्ट.”

“बाळा, तसं काही नाही, तुझं काही...” क्लिफ उठू लागला.

“डॅड, गप्प बस. मलाही होतं. दर रविवारी. स्किप्टनच्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे ना, तिथे. तिथली बाई आता मला ओळखते. मी गाडीतून उतरले की संडासाची किल्ली काढून ठेवते.”

क्लिफ तिच्याकडे बघत राहिला. “मग तू... म्हणून तू लवकर...”

“मग कशाला जाते मी? गर्दी असते का इथे?”

“अगं, मग खातेस कशाला ते?” मला राहवलं नाही.

“हा दोन-दोन चकत्या घेतो म्हणून! याला एवढं आवडतं आणि मी काय सांगू, मला ओकारी होते म्हणून? एवढं सगळं झाल्यावर?” तिने फडकं टेबलावर टाकलं. “घरी मी मसूर खाते, मम. रोज. हे खोकं मी इथे यायच्या आधी कधी उघडलेलंसुद्धा नव्हतं.”

“मग आणलंस कशाला, पोरी?” क्लिफने विचारलं. सुजलेल्या ओठातून ते फार हळू आलं.

जेमाने टेबलावरच्या लांब सुरीकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे.

“रविवारी तुला कापायला काहीतरी हवं ना,” ती म्हणाली. “मसूर कसा कापणार तू? बाकी ते भयंकर आहे, डॅड. पहिल्या रविवारपासून भयंकर आहे.”